खडूने प्रभूची गोष्ट सांगायची तर शेवटची रेघ आधी ठरवा

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. थोडक्यात तो असा: तुम्ही तालुक्याच्या गावी राहता, हात चांगला आहे, इंटरमिजिएट परीक्षेत ‘ए’ ग्रेड होती. नाताळाच्या कार्यक्रमात खडूने चित्र काढत सुवार्ता सांगावी असं तुमच्या पाळकसाहेबांनी सुचवलंय. तुम्ही परदेशी चित्रकारांचे व्हिडिओ पाहिलेत. त्यात शेवटी दिवे बदलतात आणि साध्या डोंगरदऱ्यांच्या चित्रातून प्रभूचा चेहरा उमटतो. त्यासाठी कोणते खडू आणि कोणते दिवे लागतात, आणि चर्चबाहेरच्या रस्त्यावरही असं काही काढावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी नगर जिल्ह्यातला (आता अहिल्यानगर म्हणायचं) चित्रकला शिक्षक. चोवीस वर्षं झाली, शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या बायबल वर्गात), उपासनेत, उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या व्हीबीएसला, म्हणजे मुलांच्या बायबल शिबिराला, मी फळ्यावर चित्र काढत बोलतोय. खडूंचं आणि दिव्यांचं सांगतोच. पण प्रश्नाच्या अगदी शेवटी तुम्ही एक वाक्य लिहिलंय: ‘चित्र काढताना मला बोलता येत नाही, आणि बोलायला लागलो की हात थांबतो.’ तुमची गाडी इथे अडलीय. दिवे आणून ती सुटणार नाही. उलट दिवे आणले की ही अडचण झाकली जाईल आणि पुढची दहा वर्षं तशीच राहील.

आधी एक कबूल करतो. माझं सगळंच तुम्हाला लागू पडेल असं नाही. समोर मंडळीतलीच माणसं आहेत की निम्मी बाहेरची, सभागृहात अंधार करता येतो की उघड्या मैदानात मंडप आहे, तुमच्यासोबत गाणारं कोणी आहे की तुम्ही एकटेच, यावर बरंच ठरतं. मी बहुतेक वेळा लहान गावात, दीडशे-दोनशे माणसांपुढे, साध्या फळ्यावर काम केलंय. मोठ्या शहरातल्या सभागृहाचं गणित वेगळं असेल.

आता त्या अडचणीकडे येतो. हात आणि तोंड एकत्र का चालत नाहीत? कारण आपण डोक्यात पूर्ण झालेलं चित्र धरून उभे राहतो. मग प्रत्येक रेघ त्या चित्राकडे जायची घाई करते आणि गोष्ट मागे राहते. कागदावर चित्र काढताना हे चालतं, कारण तिथे लोकांना फक्त पूर्ण झालेलं चित्र दिसतं. फळ्यावर लोक चित्र होताना बघतात. डोंगराची पहिली रेघ ओढली की मागच्या रांगेतली आजीसुद्धा मनात म्हणते, ‘हे काय होणार?’ तिचं हे वाट पाहणं हीच तुमची बोलायची जागा आहे. म्हणून मी काय काढायचं हे ठरवायच्याही आधी शेवटची रेघ कोणती हे ठरवतो. ती ठरली की तिच्या आधी काय दिसायला हवं आणि काय दिसता कामा नये, हे आपोआप लागत जातं. आणि कुठे बोलायचं, कुठे गप्प बसायचं, तेही.

नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही, म्हणून एक चित्र उलगडून दाखवतो. उधळ्या पुत्राचा दाखला, बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय: धाकटा मुलगा वाटणी घेऊन घर सोडतो, सगळं उधळतो आणि परत येतो. सुरुवातीची सात-आठ वर्षं मी तो सगळे काढतात तसाच काढायचो: बाप आणि मुलगा गळ्यात गळा घालून. चित्र छान व्हायचं, लोक टाळ्या वाजवायचे, आणि घरी जायचे. मग एकदा वचन नीट वाचलं. मुलगा अजून दूर आहे तोच बाप त्याला पाहतो आणि धावत जातो. धावत! आपल्याकडे घरातला कर्ता पुरुष गावासमोर कधी पळतो का? धोतराचा सोगा हातात धरून पांदीने पळणारा म्हातारा डोळ्यांसमोर आणा. गोष्टीतलं नवल त्या पळण्यात आहे, आणि गळाभेटीच्या चित्रात ते येतच नव्हतं.

तेव्हापासून मी असं काढतो. फळ्याच्या उजवीकडे खाली घराची चौकट, मोठी, जाड रेघेने. चौकटीतून एक वाट निघते आणि वळणं घेत डावीकडे वर जाते, जाताना बारीक होत जाते. वाटेच्या टोकाला पोराची पाठ, बोटभर उंचीची. इथवर मी धाकट्याने वाटणी कशी मागितली ते सांगतो. मग चौकटीत उंबरठ्यावर बापाची उभी आकृती, हात लोंबते. आता मी बोलत नाही. पलीकडे बसलेला माझा सोबती पेटीवर एक भजन धरतो, आणि मी शेताचे बांध, बाभळी, ढग असं सावकाश भरत राहतो. दिवस जातायत हे लोकांना न सांगता कळतं. मग मी पोराची आकृती अंगठ्याने पुसतो आणि त्याच जागी पुन्हा काढतो, या वेळी तोंड घराकडे. आणि शेवटी कापडाच्या टोकाने उंबरठ्यावरचा बाप पुसतो. लोकांमधून दर वेळी हलका ‘अं?’ असा आवाज येतो. तोच बाप मी वाटेवर काढतो, पोरापासून चार बोटांवर, पुढे वाकलेला, एक पाय उचललेला. उंबरठ्याचा तुकडा रिकामा राहतो. तिथे पुसलेल्या खडूची धूसर सावली उरलेली असते, ती मी मुद्दाम ठेवतो. एवढं झालं की खडू खाली.

हे तेलरंगात जमत नाही, छापील पोस्टरवरही जमत नाही. खडू पुसता येतो म्हणून बाप उंबरठा सोडू शकतो. तुम्ही खडू निवडताय ना, तर तो यासाठी निवडा. पुसणं हा या कलेचा अर्धा हात आहे.

एका गावी हे चित्र झाल्यावर एक मावशी पुढे येऊन फळ्याकडे बघत उभ्या राहिल्या. मला वाटलं, आवडलं असेल. त्यांनी विचारलं, ‘आणि थोरल्याचं काय झालं?’ मी गडबडलो. दाखल्यात थोरला भाऊ रागावून घराबाहेर थांबतो, पण तो आत आला की नाही हे प्रभू सांगतच नाही. बाप त्याला समजावतो आणि गोष्ट तिथे थांबते. मावशी स्वतः थोरल्या होत्या, धाकट्यांचं सगळं त्यांनीच केलेलं. त्या दिवसापासून वाटेच्या वरच्या अंगाला, शेतात, मी एक लहान आकृती ठेवतो, खडू आडवा धरून घासलेला नुसता डाग. तिच्याबद्दल काही बोलत नाही. कार्यक्रमानंतर कोणीतरी विचारतंच. आणि माझं खरं बोलणं तेव्हा सुरू होतं, एकाशी, खुर्चीवर बसून.

पुसण्यावरून एक फसलेला प्रसंगही सांगतो, कारण तुमच्याही वाट्याला येईल. कलस्सैकरांस पत्रात, २:१४ मध्ये, प्रभूने आपल्याविरुद्धचा ऋणलेख खोडून टाकला अशी भाषा आहे. मला वाटलं, यासारखा फळ्याचा विषय नाही. मी किराणा दुकानातली उधारीची वही काढली. नावं, आकडे, खाली बेरीज. पाच मिनिटं त्यावर बोललो, आणि शेवटी डस्टर घेऊन जोरात पुसलं. समोरचे एक आजोबा म्हणाले, ‘सर, अजून दिसतंय की.’ खरंच दिसत होतं. डस्टरने खडू पसरतो, जात नाही. बेरजेचा आकडा तर स्पष्ट वाचता येत होता. क्षमेबद्दल मी जे बोललो होतो त्याच्या नेमकं उलट माझ्या फळ्याने सांगितलं. फार वाईट वाटलं मला त्या रात्री.

त्यानंतर मी तिथे ओलं सुती कापड वापरतो. ओल्या कापडाने पाटी कोरी होते, पण ओल्या जागेवर खडू उमटत नाही. दोन-तीन मिनिटं फळा काळा कुळकुळीत, ओला, रिकामा राहतो. आधी मला ती अडचण वाटायची. आता त्याच वेळात पाळकसाहेब प्रार्थना करतात. लोक डोळे उघडतात तेव्हा फळा वाळलेला असतो, आणि त्यावर काहीही नसतं. म्हणून आधी ठरवून घ्या: सावली उरायला हवी तिथे कोरडं कापड किंवा अंगठा, काहीच उरू नये तिथे ओलं कापड.

तुम्ही म्हणाल, मग बोलायचं कधी? आपल्या मराठी मंडळीला याचं उत्तर बाहेरून आणायला नको. नगरमध्ये अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, आणि एकोणिसाव्या शतकातच इथे ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंगाच्या आणि कीर्तनाच्या वाटेने प्रभूची ओळख करून दिली ती याच मातीत. कीर्तनकार काय करतो? पूर्वरंगात एक विषय मांडतो, मध्ये भजन, मग उत्तररंगात आख्यान. मी फळ्यावर तेच करतो. पूर्वरंगात मी लोकांकडे तोंड करून चार-पाच मिनिटं बोलतो, फळ्यावर फार तर वाट आणि चौकट. भजन चालू असताना मी पाठ फिरवतो आणि हात भराभर चालवतो. सगळं भरीव काम, आकाश, झाडं, छाया तेव्हा उरकतात. उत्तररंगात पुन्हा तोंड लोकांकडे, आणि फक्त त्या ठरवलेल्या चार-सहा रेघा. सगळं मिळून बारा ते पंधरा मिनिटं. म्हणजे हात आणि तोंड एकाच वेळी चालवायची गरज पडते ती अगदी थोड्या रेघांपुरती, आणि त्या तुम्ही घरी पन्नास वेळा काढलेल्या असतात. गाणारा सोबती शोधा. तुमच्या दिव्यांपेक्षा त्याची गरज जास्त आहे.

इतिहासाचं थोडं सांगतो. हा प्रकार अमेरिकेत रुजला तो शब्बाथ शाळेच्या फळ्यावरच. फ्रँक बिअर्ड नावाचे व्यंगचित्रकार होते, जन्म १८४२. न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा सरोवराच्या काठी १८७४ साली शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी उन्हाळी मेळावा सुरू झाला. तिथे बिअर्ड लोकांसमोर खडूने चित्र काढत बोलायचे. रंगीत दिवे, छुपी चित्रं हे सगळं नंतरचं. मुळात एक माणूस, एक फळा आणि एक गोष्ट एवढ्यावरच ते चाललं होतं.

आता साहित्य. ४ फूट बाय ६ फुटांचा प्लायवूड घ्या, झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासा, फळ्याच्या रंगाचे दोन हात द्या, मधे पूर्ण वाळू द्या. नव्या फळ्यावर लगेच चित्र काढू नका. आधी खडू आडवा धरून अख्खा फळा पांढरा करा आणि कोरड्या कापडाने पुसून घ्या. हे केलं नाही तर पहिल्या चित्राच्या रेघा फळ्यात कायमच्या बसतात. शाळेतले साधे खडू आपल्याकडे बहुतेक प्लास्टर ऑफ पॅरिसचे असतात; मऊ असतात, पसरतात, भरीव कामाला छान. डस्टलेस म्हणून मिळतात ते कडक. बारीक रेघेला बरे, पण छाया पसरत नाही. मी दोन्ही ठेवतो. गडद रंगासाठी सॉफ्ट पेस्टल घ्या, पण ते फळ्यावर वापरण्याआधी कोपऱ्यात पुसून बघा. ऑइल पेस्टल चुकूनही नको, फळा वाया जातो.

काळ्या फळ्यावर पांढरा, पिवळा, पोपटी आणि केशरी लांबून दिसतात. लाल, निळा आणि जांभळा गिळले जातात. वधस्तंभाच्या चित्रात लाल रंगावर लोकांचा भर असतो, आणि दहाव्या रांगेतून तो तपकिरी दिसतो. तिथे खाली केशरी घासा आणि वर लाल. अक्षरं लिहायची तर दर १० फूट अंतराला १ इंच उंची धरा. मागची रांग ४० फुटांवर असेल तर अक्षर ४ इंचांचं. मी स्वतः अक्षरं जवळजवळ लिहीतच नाही. वचनाचा संदर्भ तेवढा कोपऱ्यात, म्हणजे घरी जाऊन कोणाला वाचायचं असेल तर वाचता येईल.

आणि धूळ. लहान मुलं पुढे बसतात, त्यात एखाद्याला दमा असतोच. त्यांच्या तोंडावर डस्टर झटकू नका.

दिव्यांचं. त्या व्हिडिओंमागचं तत्त्व सोपं आहे. दुकानात नोट तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली नोटेतले बारीक धागे चमकतात, तसंच. काही रंगद्रव्यं डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश शोषतात आणि दिसणारा प्रकाश बाहेर टाकतात. असे खास खडू मिळतात, साध्या उजेडात ते जवळजवळ दिसत नाहीत. लोक यायच्या आधीच चित्रकार या खडूंनी छुपं चित्र काढून ठेवतो, त्यावर समोर दुसरं चित्र हलक्या हाताने काढतो, शेवटी साधे दिवे मालवून अतिनील दिवा लावतो. वरचा थर जाड झाला तर छुपं चित्र झाकलं जातं, म्हणून छुप्या जागेवर वरून जेमतेम हात फिरवायचा. दिवा घेताना ३६५ ते ३९५ नॅनोमीटरचा, म्हणजे यूव्ही-ए असल्याची खात्री करा. जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या यूव्ही-सी ट्यूब आणू नका. त्यांनी डोळ्यांना आणि कातडीला इजा होते, आणि पुढच्या रांगेत तुमची मुलं बसलेली असतात.

मी हा दिवा वापरतो का? एकाच गोष्टीसाठी. नुसता चेहरा उमटवला की लोक ‘हे कसं केलं?’ असं विचारत घरी जातात. प्रभू कोण, हा प्रश्न त्यात हरवतो. ते मला सोसत नाही. पण लूक २४ मधली अम्माऊसची वाट आठवा. दोन शिष्य खिन्न मनाने चाललेत. एक वाटसरू सोबत येतो, त्यांच्याशी बोलतो, आणि त्यांना तो ओळखू येत नाही. संध्याकाळी भाकरी मोडताना त्यांचे डोळे उघडतात: तो वाटसरू म्हणजे प्रभूच. मी समोर दोनच माणसं काढतो, मध्ये जरा जास्त अंतर ठेवून. गोष्ट सांगतो, भाकरी मोडण्यापाशी आलो की दिवे जातात, आणि मधल्या अंतरात तिसरा चालताना दिसतो. तो तिथे पहिल्यापासून होता. माझा हात फळ्याला लागण्याआधीपासून होता. इथे दिवा गोष्टीचंच काम करतो. तुमच्या गोष्टीत असं कारण असेल तर दिवा आणा. आणि वीज जाऊ शकते हे धरून चला. माझी एकदा नेमकी त्या क्षणी गेली होती. तेव्हापासून बॅटरीवर चालणारा दिवा बरोबर असतो.

आतापर्यंतचं एका दमात: शेवटची रेघ आधी, कीर्तनासारखी मांडणी, गाणारा सोबती, सावलीला कोरडं आणि क्षमेला ओलं कापड, दिवा गोष्टीने मागितला तरच.

राहिला रस्ता. यावर माझं मत पक्कं आहे. इटलीत फरसबंदीवर खडूने देवमातेची चित्रं काढणारे फिरते कलाकार शतकानुशतकं होते. त्यांना मादोन्नारी म्हणतात. मांतोवाजवळच्या ग्रात्सिए गावात, मारियेच्या मंदिरासमोरच्या चौकात, १९७३ पासून १५ ऑगस्टच्या सणाला त्यांचा मोठा मेळा भरतो. त्यांची ती रीत आहे. आपल्याकडे जमिनीवर काढलेल्या चित्राला पाय लागणं वेगळं असतं. रांगोळीवरून कोणी चालत गेलं तर घरातली बाई हळहळते. मग प्रभूचा चेहरा किंवा वधस्तंभ रस्त्यावर काढून त्यावरून चपला आणि दुचाक्या जाऊ द्यायच्या? आपल्या माणसांना ते लागेल, आणि शेजाऱ्यांनाही अवघडल्यासारखं होईल. चर्चच्या आवारात, दारापाशी, जमिनीवर काढायचंच असेल तर पेरणाऱ्याचा दाखला काढा, बी जिथे जिथे पडतं त्या चार जागा: वाट, खडक, काटे, चांगली जमीन. त्यातल्या वाटेवर पाय पडले तर उलट दाखला पूर्ण होतो. योहान ८ मध्ये प्रभू स्वतः खाली वाकून बोटाने जमिनीवर लिहितो, आणि काय लिहिलं ते कोणी सांगितलेलं नाही. मला त्या जागेचा फार आधार वाटतो.

सार्वजनिक रस्त्यावर परवानगीशिवाय काहीही करू नका. राज्यघटनेच्या कलम २५ ने आपला धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि प्रसाराचं स्वातंत्र्य दिलंय. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये हेही स्पष्ट केलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. मला ही रेघ मनापासून पटते. आपण साक्ष देतो. कोणाचं मन वळवणं हे खडूचं काम नाही. म्हणून मी तीन गोष्टी पाळतो. शेजारच्या हिंदू, मुसलमान, बौद्ध घरांतली मुलं चित्र बघायला येतात, येऊ द्यावं, पण आईवडिलांना आधी सांगून की इथे येशूची गोष्ट सांगितली जाणार आहे. चित्राच्या शेवटी हात वर करायला लावत नाही. चित्राने मन भरून आलेल्या माणसाकडून त्याच क्षणी कबुली घेणं मला बरोबर वाटत नाही. आणि दुसऱ्याच्या श्रद्धेचं चित्र, तुलना म्हणून किंवा विनोद म्हणून, माझ्या फळ्यावर कधीच येत नाही. कार्यक्रम झाल्यावर मी फळ्यापाशी अर्धा तास थांबतो. ज्याला विचारायचं तो येतो.

एक लहानसं, पण लक्षात ठेवा. पॅलेस्टाइनचा देखावा परदेशी पुस्तकांतून उचलू नका. गर्दीत येशू दिसावा म्हणून झाडावर चढणारा तो बुटका जक्कय कशावर चढला? आपल्या मराठी पवित्र शास्त्रात तो उंबराच्या झाडावर चढतो. तिकडचं ते झाडही उंबराच्याच कुळातलं, फळं खोडाला लगडणारं. मी खोडाला गोल गोल फळांचे घोस काढायला लागलो की मुलं पाळकांच्या आधी ओरडतात, ‘उंबर!’ मग बुटका जक्कय पानांत कुठे बसलाय ते तीच सांगतात.

तुमच्या नाताळासाठी एक सुचवतो, घ्यायचं की नाही ते तुम्ही बघा. लूक २ मध्ये उतारशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, जागा नव्हती, बाळाला गव्हाणीत ठेवलं. गव्हाण हा शब्द तुमच्या गावात समजावून सांगावा लागणार नाही. फळाभर बेथलेहेमची घरं काढा, दाटीवाटीने, प्रत्येक खिडकीत पिवळा उजेड, प्रत्येक दार बंद. पूर्वरंगात एकेका दाराबद्दल बोला. भजन चालू असताना उजव्या कोपऱ्यातला गोठा भरा, अगदी अंधारा, पांढऱ्या रेघेने जेमतेम बाह्यरेषा. बैलाचं वशिंड, कडबा, गव्हाणीच्या फळ्या. बाळ काढू नका. उत्तररंगात एक एक करून खिडक्यांतला पिवळा रंग ओल्या कापडाने टिपून घ्या, गाव झोपतं. मग पिवळा खडू आडवा धरून गव्हाणीतल्या कडब्यावर एकदाच घासा, खालून वर, म्हणजे उजेड आतून आल्यासारखा दिसेल आणि बैलाच्या नाकपुडीवरही थोडा पडेल. त्यासाठी मऊ खडूच घ्या आणि त्याचं वरचं वेष्टन आधीच काढून ठेवा. आयत्या वेळी नखाने सोलत बसलात तर सगळी शांतता मोडते. घरी जुन्या फळ्यावर हे निदान वीस वेळा करा, त्यातलं दहा वेळा मागे कोणालातरी बसवून, मोठ्याने बोलत. नवा फळा आजच रंगवायला टाका, दुसरा हात वाळायला थंडीत वेळ लागतो.